सांतियागोचा वाटा

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही छोटी कादंबरी १९५२ च्या सप्टेंबरात ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या एकाच अंकात संपूर्ण छापून आली. त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत संपल्या. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. मराठीत ती १९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने आणली. त्याच वर्षी पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला होता. बोलघेवड्या माणसांच्या गोतावळ्यात रमणाऱ्या या लेखकाने अनुवादासाठी निवडले ते असे पुस्तक, की ज्यात बहुतेक वेळ एकच माणूस असतो आणि तोही स्वतःशीच बोलतो.

हे पुस्तक किती कमी शब्दांत लिहिले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. मूळ इंग्रजी मजकूर जेमतेम सत्तावीस हजार शब्दांचा. गोष्ट दोन ओळींत सांगता येते : सांतियागो नावाच्या क्यूबातल्या म्हाताऱ्या कोळ्याला चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळत नाही; पंच्याऐंशीव्या दिवशी तो दूर समुद्रात जातो, एक प्रचंड मासा गळाला लागतो, तो त्याला मारतो आणि परतताना शार्क त्या माशाचा फडशा पाडतात. स्वतः हेमिंग्वे यांनी १९३२ च्या ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये हिमनगाचा दाखला दिला होता. हिमनगाचा आठवा भाग पाण्यावर दिसतो, बाकीचा खाली असतो. लेखकाला खालचे खरोखर माहीत असेल तर ते त्याने वगळले तरी वाचकाला जाणवते, असे त्यांचे म्हणणे. या दाखल्याची चर्चा लेखकाच्या बाजूने पुष्कळ झाली आहे. मला प्रश्न पडतो तो वाचकाच्या बाजूचा. पाण्याखालचे सात भाग भरून काढायचे कोणी आणि कशाच्या जोरावर? एकट्याने वाचताना हा प्रश्न उठत नाही, कारण आपण भरलेले आपल्याला पुस्तकातलेच वाटते. चार माणसांत वाचले की कोणी काय भरले ते उघडे पडते.

आमचा वाचनकट्टा अलिबागचा. सात जणांचा. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसायचे, एकच लहान पुस्तक घ्यायचे आणि ज्या पानावरून वाद होईल ते पान मोठ्याने वाचायचे, एवढाच नियम. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, थळच्या बाजूला शिकवणारी एक शिक्षिका आहे, एक औषधविक्रेता, एक वकील. साखर-आक्षीच्या कोळीवाड्यातला एक मित्र आहे. तो सरकारी कचेरीत नोकरी करतो. त्याचे वडील आयुष्यभर तांडेल होते. ‘एका कोळियाने’ घ्यायचे ठरले ते जून-जुलैत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांच्या मासेमारी बंदीत. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या. मित्र म्हणाला, “बाबा घरीच आहेत, पुस्तक आमच्याकडे वाचू.” त्याने ते आधी वडिलांना चार रात्रींत वाचून दाखवले होते. कोणी मराठी प्रत आणली, कोणी इंग्रजी. अनुवाद कसा झाला आहे ही चर्चा या लेखाचा विषय नाही. जे वगळलेले आहे ते दोन्ही भाषांत वगळलेलेच आहे, आणि आमचे वाद त्यावरच झाले.

मुंबईकर एखाद्याला अडाणी ठरवायचे झाले की “अलिबागहून आलास का?” असे विचारतो. या पुस्तकाच्या बाबतीत अलिबागहून आलेले असण्याचा फायदाच झाला.

पहिल्या बैठकीत जे बोलले गेले ते बहुतेक मराठी वाचक बोलतील तेच होते. बँकेतल्या मित्राने सुरुवात केली : ही माणसाच्या जिद्दीची कथा, शरीर हरते पण मन हरत नाही. हे वाचन चुकीचे नाही. पण ते मराठीत इतके सहज का येते, याचे एक कारण शीर्षकात आहे असे मला वाटते. ‘एका कोळियाने’ म्हटले की आपल्या आधीच्या पिढ्यांना शाळेतली कविता आठवते. तिच्यातला कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा, पडून पुन्हा चढणारा. मासे धरणारा कोळी आणि भिंतीवरचा कोळी यांना मराठीत एकच शब्द आहे, जाळे दोघांचेही आहे, आणि पुलंनी या योगाचा सुरेख उपयोग करून घेतला. पण त्यामुळे पुस्तक उघडण्याआधीच वाचकाच्या हातात तात्पर्य येते : प्रयत्न सोडू नये. हेमिंग्वे यांच्या शीर्षकात म्हातारा आहे आणि समुद्र आहे, तात्पर्य नाही.

मग शिक्षिकेने सुरुवातीचे एक पान काढले. मुलगा, मानोलिन, म्हाताऱ्याच्या झोपडीत येतो. पाच वर्षांचा असल्यापासून तो याच्या होडीवर शिकला आहे. जेवायला काय आहे, असे तो विचारतो. म्हातारा सांगतो, भात आणि मासे आहेत. मग मुलगा विचारतो, हाताने फेकायचे जाळे नेऊ का? म्हातारा म्हणतो, ने की. भाताचे भांडे नाही. जाळेही नाही, ते केव्हाच विकले आहे, आणि हे दोघांनाही माहीत आहे. लेखक एवढेच सांगतो की हा खेळ ते रोज खेळतात. गरिबी हा शब्द कुठे नाही, दया नाही, लाज नाही.

वकिलाला हे फार हुशारीचे लेखन वाटले. शिक्षिका म्हणाली, “हुशारी कसली? आपल्याकडे असंच बोलतात. घरात काही नसलं तरी ‘जेवून जा’ म्हणायचं आणि समोरच्यानं ‘आत्ताच जेवून आलोय’ म्हणायचं.” मला ते तंतोतंत पटले. कोकणातला माणूस महत्त्वाचे आडून बोलतो. पुलंचा अंतू बर्वा तरी दुसरे काय करतो? अंतूशेटच्या तिरक्या बोलण्याखाली जे दुःख आहे ते ओळखणारा लेखकच सांतियागोच्या भाताच्या भांड्यापाशी थांबणार. बोलघेवडे पुल आणि मितभाषी हेमिंग्वे ही जोडी मला आता तितकीशी विजोड वाटत नाही.

त्याच झोपडीत म्हाताऱ्याच्या बायकोचा उल्लेख आहे. भिंतीवर पूर्वी तिचा फोटो होता. तो पाहिला की फार एकटे वाटते म्हणून त्याने उतरवून कोपऱ्यातल्या फळीवर, धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवला आहे. तिचे नाव नाही, ती कशाने गेली ते नाही. औषधविक्रेत्या मित्राची तक्रार होती की हे फार त्रोटक झाले. मित्राची आई चहा देता देता ऐकत होती. ती म्हणाली, “सदरा धुतलेला हाय ना? मग झालं.” तिला काय म्हणायचे होते ते कोणी विचारले नाही. मी ते असे समजलो की ज्या कपड्याला रोज हात लागत नाही, जो जपून ठेवलेला असतो, त्याच्याखाली माणूस जपलेलेच ठेवतो. फोटो टाकलेला नाही, डोळ्यांआड केला आहे. उरलेले पुस्तक याच रीतीने लिहिले आहे.

खरा फरक पडला तो तांडेल बोलू लागले तेव्हा. त्यांना पहिली शंका आली ती शार्कबद्दल. आमच्या चर्चेत शार्क म्हणजे क्रूर नियती, दुष्ट शक्ती असे शब्द येत होते. ते म्हणाले, “शार्क म्हणजे मुशीच ना? मुशी वाईट कशी?” आमच्या किनाऱ्यावर लहान मुशी बाजारात येते, तिचे कालवण होते, बाळंतिणीला ती मुद्दाम खायला घालतात. आम्ही हसलो, पण शंका पुस्तकाकडे परत घेऊन गेली. पाहिले तर हेमिंग्वे यांच्या गावातही शार्क मारून आणतात, खाडीपलीकडच्या कारखान्यात नेतात, आणि सांतियागो रोज पिंपातले शार्कच्या यकृताचे तेल पेलाभर पितो. इतर कोळ्यांना त्याची चव आवडत नाही, तो मात्र तब्येतीला चांगले म्हणून पितो. पहिल्या माको शार्कचे तर त्याला कौतुक वाटते. ना भीती, ना घाण, तो आपले पोट भरतो. म्हणजे नियतीचे रूपक पुस्तकात नव्हते, ते आम्ही बाहेरून आणले होते. आपल्या पुस्तकात कसलीही प्रतीके नाहीत, समुद्र हा समुद्र आणि म्हातारा हा म्हातारा, असे हेमिंग्वे यांनी १९५२ मध्ये एका पत्रात लिहिले होते. लेखकाचा असा शब्द जसाच्या तसा मानायचे कारण नाही. पण मुशीच्या बाबतीत तांडेलांनी त्याला दुजोरा दिला.

याचा अर्थ समुद्र जाणणाऱ्याचे वाचन नेहमीच बरोबर, असा नाही. तांडेलांनी विचारले, “तो निघाला तेव्हा तिथी कोणती होती? उधाण होतं की भांग?” आमच्याकडे डोलजाळे पाण्याच्या ओढीवर चालते, बोंबील-जवळ्याचे सगळे गणित भरती-ओहोटीशी बांधलेले; ओहोटीला माणसे चालत कुलाबा किल्ल्यात जातात आणि भरतीला त्याच वाटेवर होडी लागते. पुस्तकात याचे उत्तर नाही, कारण त्या समुद्रात तो प्रश्नच मोठा नाही. तिथे महत्त्व आखाती प्रवाहाचे आहे, सूर्याचे आणि दोरीच्या तिरकेपणाचे. तसेच लिंगाचे. सांतियागो समुद्राला स्त्रीलिंगी नावाने हाक मारतो, मोटरबोटवाले तरुण पुल्लिंगी नावाने, आणि लेखकाला या फरकातून दोन स्वभाव दाखवायचे आहेत. आमचा दर्या पुरुषच आहे, नारळी पौर्णिमेला नारळ घेणारा देव. बाई आहे ती खाडी. इथे आमचे ज्ञान उपयोगाचे नव्हते, उलट आडवे आले. म्हणून आम्ही एक कसोटी ठरवली : रिकाम्या जागेत आपण जे भरू त्याला पुस्तकात कुठेतरी दुसरा आधार सापडला पाहिजे. मुशीला तो सापडला, तिथीला सापडला नाही.

त्यानंतर तांडेलांनी जो प्रश्न विचारला त्याने आमचे दोन महिने घेतले. “हा एकटा का गेला?”

आम्हाला तो प्रश्नच वाटला नव्हता. एकटा म्हातारा आणि अथांग समुद्र हे चित्र मुखपृष्ठांनी इतके रुजवले आहे की एकटेपणा हाच पुस्तकाचा विषय असे आपण धरून चालतो. तांडेलांच्या दृष्टीने एकटे जाणे हे शौर्य नाही, अडचण आहे. आमच्याकडे होडी म्हणजे माणसांची जुळणी : एक तांडेल, त्याच्या हाताखाली खलाशी. मिळकतीतून डिझेल-बर्फाचा खर्च वजा जातो, मग होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे वाटे. किनाऱ्यावर बाया उभ्या असतात. मासा त्यांच्या हातात गेला की पैसा होतो. एकाने धरले आणि एकाने खाल्ले असा मासा आमच्या किनाऱ्यावर सहसा नसतो. “सोळा फुटी होडी आणि त्याहून दोन फूट लांब मासा,” ते म्हणाले. “दुसरा माणूस असता तर मासा घरी आला असता. एवढंच आहे ते.”

मी ही ओळ घेऊन पुस्तक पुन्हा वाचले, आणि एक गोष्ट लक्षात आली. वाटा हा शब्द त्यात नसला तरी वाट्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू आहे. आदल्या रात्रीचे जेवण मुलाने टेरेस नावाच्या खानावळीतून आणलेले असते, ते मार्टिनने दिलेले. म्हातारा लगेच म्हणतो, मोठा मासा मिळाला की त्याच्या पोटाचे मांस मार्टिनला द्यायला हवे. मासा अजून समुद्रात आहे आणि एक वाटा ठरला. समुद्रात मासा ओढत असताना मुलगा इथे असता तर, हे तो पुन्हा पुन्हा मोठ्याने बोलतो. हा मासा किती माणसांचे पोट भरेल, आणि त्यांची तेवढी लायकी आहे का, हा विचारही त्याच्या मनात येतो. मासा मेल्यावर पहिले काम तो करतो ते हिशेबाचे : दीड हजार पौंडांहून जास्त वजन, साफ करून दोन तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट. डोके चालत नाही, पेन्सिल हवी होती, असे तो म्हणतो. जिद्दीच्या कथेत हे वाक्य अडगळ वाटते. वाट्याच्या कथेत ते अगदी जागेवर आहे.

आणि शेवट. माशाचा सांगाडा होडीला बांधलेला आहे, अठरा फूट, एका कोळ्याने मोजलेला. विकण्यासारखे काही उरलेले नाही. मुलगा विचारतो, डोक्याचे काय करायचे? म्हातारा सांगतो, पेड्रिकोला दे, मासे धरायच्या सापळ्यात आमिष म्हणून तोडून घालेल. आणि ती तलवारीसारखी चोच? तुला हवी तर तू ठेव. मुलगा म्हणतो, हवी. मग तो सांगतो की आता आपण दोघे पुन्हा एकत्र जाऊ. मोठ्याने वाचताना हे पान संपले तसे तांडेल म्हणाले, “वाटा झाला की!”

माझ्या मते या कादंबरीबद्दल आमच्या कट्ट्याला जे सापडले ते एवढ्यात आहे. मासा गेला पण वाटणी झाली. होडीची व्यवस्था बघणाऱ्याला डोके, साथीदाराला चोच. आपल्या वाट्याला काय आले हे म्हातारा सांगत नाही. पण मुलगा परत आला आहे. त्या चौऱ्याऐंशी दिवसांत जी जुळणी मोडली होती ती पुन्हा जुळली. लेखक हे कुठेही सांगत नाही, पण भरायला लागणारा प्रत्येक तुकडा त्याने पुस्तकात ठेवलेला आहे.

बँकेतल्या मित्राने हरकत घेतली, आणि ती जोरकस होती. पुस्तकातले सर्वांत गाजलेले वाक्य न हरण्याबद्दलचेच आहे, ते काय करायचे? पण ते वाक्य सांतियागो कुठे म्हणतो ते पाहावे. शार्क येऊन गेल्यावर, भर समुद्रात, एकटा असताना. धीर धरण्यासाठी माणूस स्वतःशी बोलतो तसे. किनाऱ्यावर मुलगा समोर येतो तेव्हा तो अगदी उलट सांगतो : त्यांनी मला हरवले, खरोखर हरवले. मुलगा म्हणतो, माशाने नाही ना हरवले? म्हातारा कबूल करतो, माशाने नाही, ते नंतरचे. एकट्याला हार परवडत नाही म्हणून तो नाकारतो. साथीदार आला की ती बोलून टाकता येते. मला दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि पहिले भिंतीवर लावण्यासारखे असल्यामुळे दुसरे आपण वाचायचेच सोडतो. मित्राला हे पूर्ण पटले नाही. तो म्हणाला, म्हातारा स्वतःच फार दूर गेल्याची कबुली देतो, म्हणजे एकटेपण त्याने निवडले होते. दूर जाणे त्याने निवडले हे खरे. एकटे जाणे निवडले, असे मात्र पुस्तक म्हणत नाही.

कारण मुलाला त्याच्या आईबापांनी दुसऱ्या होडीवर पाठवले होते. पहिले चाळीस दिवस मुलगा सोबत होता. मासा मिळेना म्हणून त्यांनी त्याला काढून घेतला, आणि नव्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. आम्ही सगळे आईबापांवर नाराज होतो. व्यवहारी, निष्ठा न कळणारी माणसे, असे कोणी म्हणाले. तांडेल थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर केलं आईबापांनी. पोराच्या घरी रोज मासा आला पाहिजे.”

त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. बारावीनंतर त्याला होडीवर येऊ द्यायचे नाही हे त्यांनीच ठरवले होते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोघांनी त्यावर त्या दिवशी एक शब्दही काढला नाही. पण त्या क्षणापासून त्या पुस्तकात मला खलनायक सापडलेला नाही. शार्क पोट भरतात, आईबाप मुलाचे बघतात, म्हातारा आपले काम नीट करतो, आणि तरीही होडीवर एक हात कमी पडतो. आमच्या किनाऱ्यावर घरोघरी हीच गोष्ट चालू आहे, आणि दोष द्यायला तिथेही सहज कोणी सापडत नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काही पर्यटक येतात. एक बाई पाण्यात कचऱ्याबरोबर हलणारा तो सांगाडा पाहते आणि हे काय, असे वेटरला विचारते. काय घडले ते सांगण्याच्या प्रयत्नात तो शार्क म्हणतो. तिला वाटते सांगाडाच शार्कचा, आणि शार्कला इतकी सुंदर शेपटी असते हे आपल्याला माहीत नव्हते, असे ती म्हणते. कमी लिहिणाऱ्या लेखकाने आपल्या वाचकाला दिलेला हा इशारा आहे असे मी मानतो. सगळे समोर आहे, शेपटीचे सौंदर्यही दिसते आहे, पण काय घडले ते कळलेले नाही. शनिवार-रविवारी अलिबागेत येऊन वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढणाऱ्यांवर आपण हसतो. पुस्तकांच्या बाबतीत आपण पुष्कळदा तेच करतो. वाक्य किती छोटे, किती देखणे, म्हणतो आणि पुढे जातो.

कमी शब्दांत लिहिण्याची ही रीत काही परदेशातून आलेली नाही. दि. बा. मोकाशी १९१५ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यातल्या उरणला जन्मले. ‘आता आमोद सुनासि आले’ या त्यांच्या कथेत तरुण मुलगा पुरात गेलेला रामजी लोहार अडलेल्या गाईची सुटका करतो, आणि त्याच्या दुःखाचे पुढे काय झाले ते त्या कामातूनच वाचकाला कळते. आमच्या कट्ट्याने पुढच्या महिन्यासाठी त्यांचीच १९७४ ची ‘आनंदओवरी’ घेतली आहे. तुकोबा नाहीसे झाल्यावर मागे राहिलेल्या भावाची, कान्होबाची ती कहाणी, त्याच्याच तोंडून. तांडेलांना विषय सांगितला तेव्हा त्यांनी विचारले, “गेलेल्याची गोष्ट हाय की राहिलेल्याची?” राहिलेल्याची, असे मुलगा म्हणाला. “मग वाच,” ते म्हणाले.